लेपिडोटीस : कोट्याचा जाड खवल्यांचा मासा, आणि त्याच्या नावाखाली झालेली गर्दी

चकमक (धागाकर्ता)

प्राणहिता गोदावरीला मिळते त्या संगमाच्या काही मैल वर, नदीच्या डाव्या काठावर, सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचे एक गाव आहे. राजस्थानातल्या कोट्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गोंडवन खडकांतील एका संपूर्ण शैलसमूहाला या गावावरून ‘कोटा शैलसमूह’ असे नाव पडले आहे. पुढे याच शैलसमूहातून बारापासॉरस हा महाकाय डायनोसॉर मिळाला, उंदराएवढे आदिम सस्तन प्राणी मिळाले आणि उडणाऱ्या सरीसृपाची हाडेही मिळाली. मात्र या सर्वांच्या कितीतरी आधी येथून शास्त्राच्या दरबारात दाखल झाला तो एक मासा. १८५१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी त्याची माहिती दिली आणि जीवाश्म माशांचे जाणकार सर फिलिप ईजर्टन यांनी त्याचे वर्णन करून त्याला ‘लेपिडोटीस’ या प्रजातीत बसवले. जातीचे नाव ठेवले ‘डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा.

साइक्स आपल्याकडच्या वाचकांना अगदीच परके नसावेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातले हे अधिकारी दख्खनची सांख्यिकी गोळा करता करता येथील पक्षी आणि मासेही टिपून ठेवत असत. १८३९ साली त्यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांवर लिहिले. आज आपण ज्याला खडशी म्हणतो त्या महसीरचे शास्त्रीय नाव तोर खुद्री आणि शिंगाळ्याचे स्पेराटा सिंघाला, ही दोन्ही जातिनावे त्यांचीच. जिवंत मासे वर्णन करणाऱ्या माणसाच्या हातूनच दगडातला मासाही पुढे यावा, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आता माशाविषयी. लेपिडोटीस ही प्रजाती जीवाश्म माशांचे स्विस अभ्यासक लुई आगासी यांनी १८३२ मध्ये स्थापन केली. आगासी माशांचे वर्गीकरण खवल्यांवरून करत, आणि चकचकीत, जाड, चौकटीसारख्या खवल्यांच्या माशांचा त्यांनी जो गट केला त्याचे हे नमुनेदार उदाहरण ठरले. एक खवला हातात धरला असता काय दिसते ते सांगतो. आकार समचतुर्भुजासारखा तिरपा, रंग बहुधा काळसर तपकिरी, आणि पृष्ठभागावर कित्येक कोटी वर्षांनंतरही टिकलेली झिलई. ही झिलई गॅनॉइन या द्रव्याची असते. गॅनॉइन म्हणजे दातांवरील एनॅमलचाच सख्खा भाऊ. मासा वाढत जातो तसे त्याचे थरावर थर चढत जातात आणि त्याखाली हाडाचा जाड पाया असतो. खवल्याच्या वरच्या कडेला एक खुंटी आणि खालच्या कडेच्या आतल्या बाजूला एक खाच असते. एका खवल्याची खुंटी शेजारच्या खवल्याच्या खाचेत बसते, त्यामुळे अंगावर तिरप्या रांगांचे सलग चिलखत तयार होते. असे चिलखत सहज कुजत वा विस्कटत नाही. म्हणूनच जेथे इतर माशांचा मागमूस उरत नाही तेथेही याचे खवले सापडतात.

दात हा याचा दुसरा विशेष. जबड्याच्या कडेला बोथट खुंट्यांसारखे आणि आत टाळूकडे गोल गुंडीसारखे दात, मध्यभागी कधीकधी एक बारीक टोक. कवचधारी प्राणी फोडून खाण्यासाठी ही योजना उत्तम. यातली खरी चमत्कारिक बाब अशी की, नवा दात जुन्याच्या खाली हाडातल्या पोकळीत उलटा तयार होतो आणि जागा घेताना १८० अंशांत फिरून सुलटा होतो. जबडा कापून पाहिल्यास एकाच हाडात वर सुलटे आणि खाली उलटे दात दिसतात.

हा धागा काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. जाड खवले आणि गोल दात दिसले की ‘लेपिडोटीस’ म्हणायचे, असा प्रघात पुढे जवळजवळ दीडशे वर्षे चालला. युरोप, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, आशिया, सगळीकडचे मासे या एका नावाखाली आले आणि प्रजातीचा काळ पूर्व (म्हणजे आरंभीच्या) जुरासिकपासून थेट त्यानंतरच्या क्रिटेशसपर्यंत लांबला. इतके दीर्घायुषी आणि इतके पसरलेले नाव पाहिले की, मासा खरोखर एवढा यशस्वी होता, की आपली व्याख्याच ढिली होती, हा प्रश्न पडतो. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. जाणकारांनी भर घालावी.

शैलजा_

धागा आवडला. आपण दातांचा उल्लेख केला आहे, म्हणून त्यांच्याविषयीच एक पूरक माहिती देते. मध्ययुगीन युरोपात हे गोल, चकचकीत दात सुटे सापडत आणि ते भेकाच्या डोक्यात तयार होणारे मणी आहेत अशी समजूत होती. विषावर उतारा म्हणून ते अंगठीत बसवून घालत. विषाजवळ गेल्यावर तो मणी तापतो किंवा रंग बदलतो, असेही मानत. आपल्याकडच्या नागमण्याची ही पाश्चात्त्य आवृत्तीच म्हणावी लागेल. फरक एवढाच की यांचा मणी खरोखर अस्तित्वात होता, फक्त तो भेकाचा नसून माशाचा होता. अशा अंगठ्या आजही युरोपातील संग्रहालयांत पाहायला मिळतात.

माझा प्रश्न असा : ‘व्याख्या ढिली होती’ असे आपण म्हणता, तर ती कोणी आवळली? आणि आवळल्यावर आपला डेक्कनेन्सिस आत राहिला की बाहेर पडला?

चकमक (धागाकर्ता)

शैलजाताई, मण्यांच्या माहितीबद्दल आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागेल.

पहिला टप्पा आपल्याच देशातला आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहन लाल जैन यांनी १८५१ पासून जमत आलेल्या कोट्याच्या माशांचा नव्याने अभ्यास केला आणि १९८३ मध्ये लेपिडोटीस प्रजातीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. सांख्यिकी संस्थेचा आणि माशांचा काय संबंध, असे कोणी विचारील. तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना निमंत्रण देऊन तेथे भूविज्ञानाचा विभाग उभा केला, आणि त्या विभागाने प्राणहिता-गोदावरीचे खोरे अक्षरशः पिंजून काढले. जैन यांनी जगभरच्या जाती शेजारी ठेवून पाहिल्या, आणि या एका नावाखाली एकाहून अधिक प्रकारचे मासे आहेत हे त्यामुळे स्पष्टपणे पुढे आले.

दुसरा टप्पा अलीकडचा. जीवाश्म माशांच्या अभ्यासक आद्रियाना लोपेझ-आर्बारेलो यांनी २०११-१२ च्या सुमारास कवटीची हाडे, जबड्यांची बांधणी आणि खवल्यांची रचना यांच्या आधारे या संपूर्ण कुळाची वंशावळ नव्याने मांडली. मूळ लेपिडोटीस, म्हणजे दक्षिण जर्मनीच्या होल्ट्समाडेनसारख्या ठिकाणी मिळणारा लेपिडोटीस गिगास आणि त्याचे पूर्व जुरासिक काळातील निकटचे सोबती, एवढेच त्या नावाचे हक्कदार उरले. उत्तर जुरासिक आणि पूर्व क्रिटेशस काळातील कित्येक जाती शीनस्टिया या नव्या प्रजातीत गेल्या. त्यांत इंग्लंडमधील प्रसिद्ध मँटेली ही जाती आहे, आणि सुमारे दोन मीटरपर्यंत वाढणारी मॅक्झिमस ही जातीही आहे. काही लहान जातींसाठी कॅलिपर्बेकिया असे आणखी एक नाव आले. म्हणजे आपण ज्या मण्यांविषयी लिहिले आहे, त्यांतले पुष्कळसे आजच्या हिशेबाने लेपिडोटीसचे नव्हेतच, शीनस्टियासारख्यांचे आहेत.

डेक्कनेन्सिसची गोष्ट अवघड आहे. लेखनात तो अजूनही लेपिडोटीस याच नावाने येतो. पण होल्ट्समाडेनचा मासा समुद्रात राहत होता, आणि कोट्याचा मासा गोड्या पाण्याच्या सरोवरात साचलेल्या पातळ थरांच्या चुनखडकात मिळतो. त्या काळी भारत आफ्रिका, मादागास्कर आणि अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. त्या भूमीवरच्या सरोवरातला मासा आणि युरोपच्या उथळ समुद्रातला मासा यांचे एकच प्रजातिनाम असावे, यावर मी तरी सहजासहजी सही करणार नाही.

गाळथर

खारे पाणी आणि गोडे पाणी या मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. माशांच्या बाबतीत हा भेद आपण समजतो तेवढा कडक नसतो. ज्या शीनस्टिया मँटेलीचा उल्लेख आपण केला, तो इंग्लंडच्या वील्डन थरांत, म्हणजे नदी-सरोवरांच्या गाळात मिळतो, आणि त्याच प्रजातीतले जर्मनीतील मासे समुद्री चुनखडकात मिळतात. आजचे अमेरिकेतले जाड खवल्यांचे गार मासे मुख्यतः गोड्या पाण्यात राहतात, तरी त्यांतल्या काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात बिनदिक्कत शिरतात. आपल्या कोकणातल्या बोयांचे उदाहरण तर आहेच. तेव्हा केवळ अधिवासावरून प्रजाती वेगळी काढू नये, हाडेच पाहावीत.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो वयाचा घोळ. कोटा शैलसमूह पूर्व जुरासिक काळाचा आहे, असे आपण सगळे पुस्तकातून शिकलो. परंतु हे वय ठरले कशावरून? मुख्यतः माशांवरून! येथे लेपिडोटीससोबत टेट्रागोनोलेपिस ओल्डहॅमाय आणि आज पॅराडॅपेडियम म्हणून ओळखला जाणारा मासा मिळाला. हे प्रकार युरोपातील लायस, म्हणजे पूर्व जुरासिक, थरांतल्या माशांशी जुळतात, म्हणून हे थरही त्याच काळाचे, असा तो युक्तिवाद होता. मग कोणी तरी लिहितो की डेक्कनेन्सिस हा लेपिडोटीसच असला पाहिजे, कारण तो पूर्व जुरासिक काळाचा आहे. माशावरून खडकाचे वय आणि खडकाच्या वयावरून माशाचे नाव, असा हा फेरा आहे. आपण स्वतः म्हणता त्याप्रमाणे लेपिडोटीस हे नाव क्रिटेशसपर्यंत वाटेल तसे वापरले गेले असेल, तर त्याच्या आधारावर काढलेल्या वयाची किंमत काय?

पुढे ऑस्ट्रॅकॉड म्हणजे द्विपुट कवचाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी, तसेच परागकण आणि कॅरा गटातील शैवले यांचा अभ्यास झाला, तेव्हा काही संशोधकांनी याच थरांचे, निदान त्यांच्या वरच्या भागाचे, वय मध्य जुरासिक किंवा त्याहूनही अलीकडचे सांगितले. हा वाद मिटलेला नाही.

चकमक (धागाकर्ता)

गाळथर, बोयांचे उदाहरण बिनतोड आहे, आणि अधिवास हा स्वतंत्र पुरावा नव्हे हेही खरे. माझा रोख मात्र थोडा निराळा होता. अधिवास वेगळा, भूखंड वेगळा, आणि वय संशयास्पद, एवढ्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी ‘एकच प्रजाती’ म्हणणाऱ्यावर येते.

वयाच्या फेऱ्याबद्दल एक पुस्ती जोडतो. तो फेरा पूर्णपणे माशांवर उभा नाही. बारापासॉरस हा सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या, गटातल्या अगदी आदिम प्राण्यांपैकी आहे, आणि त्याच शैलसमूहातला कोटासॉरसही तसाच. हवेत उडणाऱ्या कॅम्पिलोग्नॅथॉइडीस या सरीसृपाचे अवशेषही येथून नोंदले गेले; तो युरोपात पूर्व जुरासिकमध्येच मिळतो. अर्थात प्राणी ‘आदिम दिसतो’ म्हणून खडक जुना, हाही आडवळणाचाच तर्क आहे, हे मी तुम्ही म्हणण्याआधीच म्हणून टाकतो. ज्वालामुखीची राख या थरांत सापडती, तर किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून सरळ हिशेब करता आला असता.

आलापल्लीकर

या भागाशी माझा जुना संबंध आहे, म्हणून दोन शब्द. ‘डेक्कनेन्सिस’ या नावामुळे हा मासा आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे दख्खन ट्रॅपमध्ये मिळतो असा समज अनेकांचा होतो. वास्तविक ट्रॅपचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कोट्याचे परंपरागत वय धरले तर हा मासा त्याच्याहून दहा कोटींपेक्षा अधिक वर्षांनी जुना ठरतो. १८५१ साली ‘दख्खनचे पठार’ हा शब्द फार ढोबळपणे वापरत. सिरोंच्याचा परिसर लाव्हाच्या पठारावर नाही, तो गोंडवन खडकांच्या खोलगट पट्ट्यात आहे. तिकडे जाताना जमिनीचा रंग आणि टेकड्यांची घडण बदलते, हे भूविज्ञान न शिकलेल्यालाही जाणवते.

कोट्याकडे इंग्रजांचे लक्ष गेले ते माशांसाठी नव्हे. दगडी कोळसा मिळतो का हे पाहण्यासाठी डॉ. बेल यांनी तेथे बोअर घेतले, आणि त्यांची टिपणे १८५२-५३ मध्ये त्याच त्रैमासिकात आली. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही या खडकांवर पुष्कळ मेहनत घेतली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. १८६३ मध्ये नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला.

वरोऱ्याचा_वाटसरू

हिस्लॉप यांचे नाव निघाले म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील एक दुवा देतो. तो मुद्द्याला धरूनच आहे. वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव येथील लामेटा थरांतून मिळालेल्या माशांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले. त्यांत गार माशाची एक जाती होती, तिला त्यांनी इंडिकस असे नाव दिले. दुसऱ्या एका माशाला हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ हिस्लॉपाय म्हटले. हे थर ट्रॅपच्या लगेच खालचे, म्हणजे क्रिटेशसच्या अखेरचे.

आता गंमत पाहा. लेपिडोटीस आणि शीनस्टिया यांचे आजचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे गार. त्यांच्या सात जाती उरल्या आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या उत्तर व मध्य अमेरिका आणि क्यूबा एवढ्याच भागातल्या आहेत. दिसायला लेपिडोटीस आणि गार यांत काही साम्य नाही : एकाचे तोंड आखूड आणि दात गोल, दुसऱ्याचा जबडा लांब चिमट्यासारखा आणि दात सुईसारखे. पण खवले पाहिले की नाते उघड होते. गारच्या अंगावर तेच तिरपे, गॅनॉइनने मढवलेले चिलखत आहे. अमेरिकेतील मूळ रहिवासी त्या खवल्यांची बाणांची टोके करत. विदर्भाच्या दक्षिण भागातच, कोट्याला या कुळाची एक जुनी शाखा आणि डोंगरगावला दुसरी, बरीच नंतरची शाखा, अशा दोन्ही मिळतात. आणि आज संपूर्ण भारतात त्यांतला एकही मासा मूळचा म्हणून उरलेला नाही.

शैलजा_

वाटसरू, हा दुवा मला ठाऊक नव्हता, फार छान. याच ओघात विचारते : एवढे मजबूत चिलखत असताना या माशांना खाणारे कोणी होते का?

गाळथर

होते, आणि त्याचा पुरावा पोटातूनच मिळाला आहे. १९८३ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातील एका विटांच्या मातीच्या खाणीत विल्यम वॉकर या हौशी संग्राहकाला एक प्रचंड नखी सापडली. तिच्या मागोमाग मिळालेल्या सांगाड्याला १९८६ मध्ये चॅरिग आणि मिल्नर यांनी बॅरिओनिक्स असे नाव दिले. मगरीसारखा लांब जबडा असलेला हा मांसाहारी डायनोसॉर. त्याच्या बरगड्यांच्या भागात माशाचे खवले आणि दात मिळाले, आणि त्यांवर पचनातल्या आम्लाने खरवडल्याच्या खुणा होत्या. तेव्हा ते लेपिडोटीसचे म्हणून नोंदले गेले. आज त्यांना शीनस्टियाचे म्हणतात. गॅनॉइनचे कवचही जठरातल्या आम्लापुढे टिकले नाही, पण खवला पूर्ण विरघळण्याआधी डायनोसॉरच मेला, म्हणून आपल्याला हे कळले. मासे खाणाऱ्या डायनोसॉरचा असा थेट पुरावा तोवर मिळालेला नव्हता.

हे खवले पुढे हलके का होत गेले, असा प्रश्नही येथे कोणी विचारील. आजच्या बहुतेक अस्थिमत्स्यांत खवले पातळ, वाटोळे आणि एकमेकांवर चढलेले असतात. अंग अधिक लवचीक, पोहणे अधिक चपळ, आणि हाडांत गुंतणारे खनिज कमी, असे फायदे सांगतात. पण गार मासा जाड चिलखत घालून आजही ताठ पोहतो आहे, त्यामुळे ‘जुने म्हणून टाकाऊ’ असे समीकरण मला पटत नाही.

आलापल्लीकर

शेवटी व्यवहाराची गोष्ट. हे जीवाश्म पाहायचे कोठे, असे मला व्यक्तिगत संदेशातून विचारले गेले. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. तेथे मुख्यतः अश्मीभूत लाकूड पाहायला मिळते. बारापासॉरसचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याला सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात आहे. प्राणहितेकाठी जाऊन चुनखडकाच्या पाट्या हातोडीने उकलण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो कृपया सोडावा. जागेवरून उचललेला मासा कोणत्या थरातला, त्याच्या खाली-वर काय होते, हे एकदा पुसले गेले की वर गाळथर यांनी मांडलेला वयाचा वाद सोडवायला त्याचा काहीच उपयोग राहत नाही. दिसला तर छायाचित्र काढावे, जागा टिपून ठेवावी आणि वनविभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागाला कळवावे.

चकमक (धागाकर्ता)

आलापल्लीकर यांच्या सूचनेशी पूर्ण सहमत. गाळथर यांच्या प्रतिसादामुळे माझा मूळ प्रश्न अधिक नेमका झाला, तो येथे मांडून ठेवतो. शीनस्टिया वेगळी काढताना ज्या हाडांवर भर दिला गेला, म्हणजे डोळ्याभोवतालची आणि गालाची हाडे, जबड्याचा सांधा आणि कवटीच्या छताची ठेवण, त्याच हाडांच्या निकषावर डेक्कनेन्सिसची तपासणी व्हायला हवी. कोट्याच्या चुनखडकात मासे आडवे, दाबले गेलेले मिळतात. खवले उत्तम राहतात, पण डोक्याची हाडे बहुधा चेपलेली आणि एकमेकांत मिसळलेली असतात. नेमके जे सर्वांत सुंदर टिकते त्यावरून प्रजाती ठरत नाही आणि ज्यावरून ठरते ते विस्कटलेले असते, ही या माशाची खरी अडचण आहे. सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने दगड न फोडता आतली हाडे वेगळी करून पाहता येतात. कोट्याच्या जुन्या नमुन्यांवर कोणी असे काम केले असल्यास त्याची माहिती याच धाग्यात द्यावी.